विश्लेषण : केमोथेरपीची औषधे हाताळताना साधे हातमोजे का पुरत नाहीत?

कर्करोगावरील उपचार आता जिल्हा रुग्णालयांपर्यंत पोहोचत आहेत. ही औषधे रोज हाताळणाऱ्या परिचारिका, फार्मासिस्ट आणि सफाई कर्मचाऱ्यांच्या हातात कोणते हातमोजे असावेत, ते किती मिनिटांनी बदलावेत आणि त्यांच्या खोक्यावर नेमके काय वाचावे, याविषयी…

२०२५-२६च्या केंद्रीय अर्थसंकल्पात देशातील सर्व जिल्हा रुग्णालयांमध्ये तीन वर्षांत डे-केअर कॅन्सर केंद्रे उभारण्याची घोषणा झाली. त्यातील २०० केंद्रे पहिल्याच वर्षी सुरू करण्याचे उद्दिष्ट ठेवण्यात आले. ‘ग्लोबोकॅन’च्या २०२२ च्या अंदाजानुसार भारतात एका वर्षात कर्करोगाच्या १४ लाखांहून अधिक नव्या रुग्णांची भर पडते. गडचिरोली किंवा नंदुरबारच्या रुग्णाला केमोथेरपीच्या प्रत्येक फेरीसाठी नागपूर वा मुंबई गाठावी लागू नये, हा या केंद्रांमागचा विचार आहे. त्याची गरज कुणीही नाकारणार नाही.

मात्र केमोथेरपी जिल्ह्यात आली, की औषधाची कुपी उघडणारे, ते सिरिंजमध्ये भरणारे, सलाइनमध्ये मिसळणारे आणि रिकामी बाटली उचलणारे हातही जिल्ह्यातच लागणार. हे हात कशाने झाकलेले असतील, हा प्रश्न दिसायला किरकोळ वाटतो. वॉर्डात हातमोज्यांचे खोके तर कायमच ठेवलेले असते. अडचण अशी, की त्यातले बहुतेक हातमोजे जंतूंना अडवण्यासाठी बनवलेले असतात. केमोथेरपीची औषधे त्यांच्यातून आत शिरू शकतात, तेही हातमोजा कुठेही फाटलेला नसताना.

ज्या औषधाने रुग्ण बरा होतो, त्याचा हाताळणाऱ्याला धोका कसा?

केमोथेरपीच्या जुन्या औषधांचा उगम युद्धातील विषारी वायूत आहे. १९४२ मध्ये अमेरिकेतील येल विद्यापीठात लुई गुडमन आणि आल्फ्रेड गिलमन यांनी मस्टर्ड वायूशी रासायनिक नाते असलेल्या नायट्रोजन मस्टर्डचा वापर कर्करोगाच्या रुग्णावर करून पाहिला. आजही सर्रास वापरले जाणारे सायक्लोफॉस्फामाइड हे औषध त्याच कुळातले आहे. वेगाने वाढणाऱ्या पेशींच्या डीएनएवर घाव घालणे, हे या औषधांचे काम. पेशी कर्करोगाची आहे की निरोगी, हे त्यांना नीट ओळखता येत नाही. म्हणूनच रुग्णाचे केस गळतात आणि तोंड येते.

रुग्णाच्या बाबतीत हे नुकसान हिशेबात धरलेले असते, कारण समोर त्याहून मोठा आजार असतो. औषध देणाऱ्या सिस्टरला मात्र त्या औषधाचा काहीच फायदा नसतो. तिच्या शरीरात गेलेला प्रत्येक कण निव्वळ तोट्याचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने सायक्लोफॉस्फामाइड, मेल्फालान, थायोटेपा, इटोपोसाइड यांसारख्या औषधांची नोंद ‘माणसात कर्करोग घडवणारे घटक’ या पहिल्या गटात केली आहे. कर्करोगावरचे औषध स्वतःच कर्करोगाचे कारण ठरू शकते, हे ऐकायला विचित्र वाटते. पण डीएनएवर घाव घालणाऱ्या औषधाकडून दुसरी अपेक्षा ठेवता येत नाही.

हा धोका कधी लक्षात आला?

१९७९ मध्ये फिनलंडमधील काई फाल्क आणि सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक निरीक्षण नोंदवले. कर्करोगाची औषधे हाताळणाऱ्या परिचारिकांच्या लघवीत जनुकीय बदल घडवणाऱ्या घटकांचे प्रमाण इतरांपेक्षा जास्त आढळले होते. याचा सरळ अर्थ असा, की औषध रुग्णाबरोबर परिचारिकांच्या शरीरातही पोहोचत होते. त्या काळी ही औषधे उघड्या टेबलावर मिसळण्याची पद्धत सर्रास होती.

त्यानंतर १९८५ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये फिनलंडच्याच परिचारिकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत ही औषधे हाताळणाऱ्या परिचारिकांमध्ये गर्भपाताची शक्यता दुपटीहून अधिक दिसली. वॉर्डात काम करणाऱ्यांत तरुण मुलींची संख्या मोठी असते आणि गरोदर असल्याचे कळेपर्यंत पहिले काही आठवडे उलटून गेलेले असतात. त्यामुळे या निष्कर्षाचे गांभीर्य अधिक आहे. पुढे २००४ मध्ये अमेरिकेच्या ‘नायोश’ या कामगार आरोग्य संस्थेने धोकादायक औषधांबाबत सविस्तर इशारा प्रसिद्ध केला. अशा औषधांची यादी ही संस्था वेळोवेळी अद्ययावत करते.

हातमोज्याला भोक नसताना औषध आत कसे जाते?

वाढदिवसाला फुगवलेला फुगा दुसऱ्या दिवशी मऊ पडतो. गाठ पक्की असते, छिद्र कुठेही नसते, तरी हवा जाते कुठे? ती रबरातूनच बाहेर पडते. रबर डोळ्यांना सलग दिसले, तरी ते लांबच लांब रेणूंच्या साखळ्यांचे जाळे असते. त्या साखळ्या सतत हलत असतात आणि त्यांच्यामधल्या फटींतून लहान रेणू वाट काढतात. आधी औषध हातमोज्याच्या बाहेरच्या पृष्ठभागात विरघळते, मग आतून पुढे सरकते आणि शेवटी त्वचेच्या बाजूला बाहेर पडते. या प्रक्रियेला पारगमन म्हणतात. भोकातून होणारी गळती वेगळी आणि पारगमन वेगळे.

हा फरक किती जीवघेणा ठरू शकतो, हे रसायनशास्त्राच्या एका प्रसिद्ध घटनेतून जगाला कळले. ऑगस्ट १९९६ मध्ये अमेरिकेतील डार्टमथ कॉलेजच्या प्राध्यापक कॅरन वेटरहान यांच्या लॅटेक्स हातमोज्यावर डायमिथाइल मर्क्युरीचे काही थेंब पडले. पुढे झालेल्या चाचणीत हे द्रव्य तशा हातमोज्यातून १५ सेकंदांच्या आत पार होत असल्याचे दिसले. जून १९९७ मध्ये पाऱ्याच्या विषबाधेने वेटरहान यांचा मृत्यू झाला. डायमिथाइल मर्क्युरी हे केमोथेरपीचे औषध नाही आणि केमोथेरपीच्या औषधाचा थेंब हातावर पडल्याने असे काही घडत नाही. पण हातमोजा शाबूत आहे म्हणजे हात सुरक्षित आहे, हा समज या घटनेने कायमचा मोडीत काढला.

साध्या हातमोज्याच्या चाचणीत काय तपासतात?

वॉर्डातील तपासणीच्या हातमोज्यांसाठी भारतात ‘आयएस १५३५४’ हे मानक आहे. अशा हातमोज्यांच्या मानकांत माप, जाडी, ताण सहन करण्याची क्षमता आणि छिद्रे तपासली जातात. छिद्रांची चाचणी अगदी सोपी असते. हातमोज्यात एक लिटर पाणी भरून तो टांगतात आणि दोन मिनिटे थेंब गळतो का, ते पाहतात. रक्त, जंतू आणि विषाणू अडवण्यासाठी ही तपासणी कामाची आहे. विषाणू हा औषधाच्या रेणूच्या तुलनेत अवाढव्य असतो, त्यामुळे रबरात छिद्र नसेल तर तो अडतो. पाण्याची चाचणी उत्तीर्ण झालेला हातमोजा औषधाच्या रेणूला मात्र किती वेळ थोपवेल, हे त्या चाचणीतून कळत नाही.

मग केमोथेरपीसाठी वेगळी चाचणी कोणती?

जगभर सर्वाधिक आधार घेतला जातो तो अमेरिकेतील ‘एएसटीएम डी ६९७८’ या चाचणीपद्धतीचा. ती २००५ मध्ये आली. हातमोज्याच्या पातळ भागाचा तुकडा कापून तो दोन कप्प्यांच्या मध्ये पडद्यासारखा बसवतात. एका बाजूला औषध आणि दुसऱ्या बाजूला ते गोळा करणारे द्रावण असते. चार तास, म्हणजे २४० मिनिटे, पलीकडे किती औषध पोहोचले याचे मोजमाप होते. दर मिनिटाला दर चौरस सेंटिमीटरमागे ०.०१ मायक्रोग्रॅम या वेगाने औषध पार होऊ लागले, की त्या क्षणाला ‘ब्रेकथ्रू’ म्हणतात. आपल्या भाषेत सांगायचे तर हातमोजा त्या क्षणी हार मानतो.

हातमोजा केमोथेरपीसाठी असल्याचा दावा करायचा, तर किमान नऊ औषधांवर चाचणी अपेक्षित असते. त्यातील कार्मुस्टिन, सायक्लोफॉस्फामाइड, डॉक्सोरुबिसिन, इटोपोसाइड, ५-फ्लुरोयुरासिल, पॅक्लिटॅक्सेल आणि थायोटेपा ही सात औषधे ठरलेली आहेत. अमेरिकेत असा दावा खोक्यावर छापण्यासाठी उत्पादकाला ‘एफडीए’ची मंजुरी घ्यावी लागते.

०.०१ मायक्रोग्रॅम हा आकडा नगण्य वाटेल. समजा, दहा चौरस सेंटिमीटर भागावर औषध लागले आणि ते याच वेगाने अर्धा तास आत जात राहिले, तर त्वचेपर्यंत तीन मायक्रोग्रॅम पोहोचेल. एक ग्रॅम औषधाचे तीन लाखांहून अधिक भाग केले, तर त्यातला तो एक भाग. पण रुग्ण हे औषध ठरावीक फेऱ्यांपुरतेच घेतो, तर केंद्रातील कर्मचारी दिवसाला अनेक रुग्णांचे औषध हाताळतात आणि हे काम वर्षानुवर्षे करतात. डीएनएवर घाव घालणाऱ्या औषधांसाठी ‘इतके चालेल’ अशी सुरक्षित मर्यादा सांगता येत नाही. म्हणून संपर्क शक्य तितका कमी ठेवणे, हेच धोरण असते.

सर्वच औषधे सारखीच आत शिरतात का?

नाही. खोक्यावरील तक्ता वाचणे त्यामुळेच गरजेचे आहे. अनेक नायट्राइल हातमोज्यांच्या तक्त्यात सायक्लोफॉस्फामाइड, डॉक्सोरुबिसिन किंवा पॅक्लिटॅक्सेलसमोर ‘२४० मिनिटांहून अधिक’ असे लिहिलेले असते. त्याच तक्त्यात कार्मुस्टिन आणि थायोटेपासमोरचा आकडा मात्र बऱ्याचदा अर्ध्या तासाच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असतो. अशा हातमोज्यांवर ‘कार्मुस्टिनसाठी वापरू नये’ अशी सूचनाही छापलेली आढळते.

यामागे रेणूचा आकार आणि स्वभाव आहे. पॅक्लिटॅक्सेलचा रेणुभार सुमारे ८५४ आहे, डॉक्सोरुबिसिनचा ५४३. कार्मुस्टिनचा फक्त २१४ आणि थायोटेपाचा १८९. ही दोन्ही औषधे आकाराने लहान आणि चरबीत विरघळणारी आहेत. याच गुणामुळे ती रक्तातून मेंदूत शिरू शकतात आणि कार्मुस्टिन मेंदूच्या गाठींवर वापरले जाते. जो गुण औषधाला मेंदूभोवतीच्या संरक्षक पडद्यातून पार नेतो, तोच त्याला रबरातूनही पार नेतो. त्यात भर म्हणजे कार्मुस्टिनची भुकटी आधी अल्कोहोलमध्ये विरघळवावी लागते.

लॅटेक्स, नायट्राइल की व्हिनाइल?

व्हिनाइल, म्हणजे पीव्हीसीचे हातमोजे स्वस्त असतात. ते सैल बसतात आणि लवकर फाटतात. केमोथेरपीसाठी ते वापरू नयेत, असेच मार्गदर्शक सूचना सांगतात. नैसर्गिक रबराचा, म्हणजे लॅटेक्सचा पुरेसा जाड आणि चाचणी झालेला हातमोजा संरक्षण देऊ शकतो, पण लॅटेक्सची ॲलर्जी असणाऱ्यांना तो चालत नाही. त्यामुळे नायट्राइल किंवा निओप्रिन या कृत्रिम रबराला पसंती मिळते. तरीही ‘नायट्राइल आहे ना, मग झाले’ असे म्हणता येत नाही. एकाच मटेरियलचे दोन हातमोजे जाडी आणि बनावटीनुसार वेगवेगळे वागतात. निळा रंग हीसुद्धा कशाची खूण नाही. खूण एकच, ती म्हणजे चाचणीचा तक्ता.

पावडर लावलेले हातमोजे तर टाळायलाच हवेत. पावडर औषध शोषून घेते आणि हवेत उडून इतरत्र पसरवते. अमेरिकेने जानेवारी २०१७ पासून पावडरच्या वैद्यकीय हातमोज्यांवर बंदी घातली आहे.

दोन जोड्या कशासाठी आणि त्या कधी बदलायच्या?

अमेरिकेतील ‘यूएसपी ८००’ या मानकानुसार केमोथेरपीची औषधे तयार करताना आणि रुग्णाला देताना चाचणी झालेल्या हातमोज्यांच्या दोन जोड्या घालायच्या असतात. आतली जोडी गाऊनच्या बाहीखाली आणि बाहेरची जोडी बाहीच्या वर. त्यामुळे मनगटाशी त्वचा उघडी राहत नाही. बाहेरच्या जोडीवर औषध सांडले, तर ती लगेच काढता येते आणि आतल्या जोडीमुळे हात झाकलेला राहतो.

यामागे साधे गणितही आहे. एखादा रेणू थरातून पार व्हायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे जाडी दुप्पट झाली, तर तत्त्वतः वेळ चौपट लागतो. तपासणीच्या हातमोज्याची जाडी मिलिमीटरच्या साधारण दहाव्या भागाइतकीच असते, हे लक्षात घेतले तर दुसऱ्या थराचे मोल कळते.

उत्पादकाने वेगळी वेळ दिलेली नसेल, तर दर ३० मिनिटांनी हातमोजे बदलावेत, असे हेच मानक सांगते. फाटल्यास, टोचल्यास किंवा औषध सांडल्यास वेळ न पाहता तत्काळ बदलायचे. तक्त्यावर २४० मिनिटे लिहिलेले असले, तरी तेवढा वेळ तोच हातमोजा घालून बसण्याची ती परवानगी नव्हे. चाचणी प्रयोगशाळेत सुमारे ३५ अंश सेल्सियसला होते आणि तेव्हा तुकडा स्थिर असतो. प्रत्यक्ष कामात मात्र बोटे सतत वाकतात, रबर ताणले जाते आणि घाम येतो.

रोजच्या कामात कुठे गफलत होते?

पहिली गफलत म्हणजे फक्त औषध मिसळतानाच हातमोजे घालणे. औषधाच्या कुपीच्या बाहेरच्या बाजूवरही औषधाचे अंश असू शकतात, हे अनेक देशांतील तपासण्यांत दिसून आले आहे. त्यामुळे खोके उघडून कुप्या कपाटात लावतानाही हातमोजे हवेत. रुग्णाचे भांडे उचलणारे मामा, चादरी बदलणाऱ्या मावशी आणि लादी पुसणारे कर्मचारी यांनाही ते तितकेच लागतात. प्रशिक्षणाच्या यादीत यांचे नाव बऱ्याचदा शेवटी येते.

दुसरी गफलत, त्याच हातमोज्यांनी मोबाइल, पेन, केसपेपर आणि दाराची कडी हाताळणे. असे केले तर हातमोजा घालणाऱ्याचा हात वाचतो आणि औषध वॉर्डभर फिरते. तिसरी, हातमोजे काढल्यावर फक्त सॅनिटायझर लावणे. सॅनिटायझरने जंतू मरतात, औषध नष्ट होत नाही. साबण आणि पाण्यानेच हात धुवायला हवेत. चौथी, हातमोजे धुऊन पुन्हा वापरणे. रबरात शिरलेले औषध धुऊन निघत नाही.

वापरलेले हातमोजे कुठे टाकायचे, हेही ठरलेले आहे. जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ नुसार या औषधांनी दूषित झालेल्या वस्तू पिवळ्या पिशवीत वेगळ्या ठेवाव्या लागतात आणि १२०० अंश सेल्सियसहून अधिक तापमानाला जाळाव्या लागतात.

घरी रुग्णाची काळजी घेणाऱ्यांनी काय करावे?

कॅपेसिटाबिन, टेमोझोलोमाइड यांसारखी केमोथेरपीची औषधे आता गोळ्या-कॅप्सूलच्या रूपात घरीच घेतली जातात. रुग्णाने स्वतः गोळी घेऊन हात धुतले तरी पुरते. दुसऱ्या कुणाला ती द्यायची असेल, तर हातमोजे घालून किंवा पाकिटातून थेट छोट्या कपात काढून द्यावी. डॉक्टर किंवा फार्मासिस्टला विचारल्याशिवाय गोळी कुटू नये, कॅप्सूल उघडू नये.

केमोथेरपी घेतल्यानंतर साधारण ४८ तास रुग्णाच्या लघवी, शौच आणि उलटीतून औषधाचे अंश बाहेर पडतात. काही औषधांच्या बाबतीत हा काळ जास्त असतो, तो डॉक्टरांना विचारून घ्यावा. या काळात भांडे किंवा उलटी साफ करताना एकदा वापरून टाकण्याचे हातमोजे घालावेत. कमोडचे झाकण लावून दोनदा फ्लश करावे आणि खराब झालेले कपडे वेगळे धुवावेत. घरात कुणी गरोदर असेल, तर हे काम दुसऱ्याने करावे.

मात्र रुग्णाला वाळीत टाकण्याचे काहीही कारण नाही. त्याच्याशेजारी बसणे, हात हातात घेणे, नातवंडांनी त्याला मिठी मारणे यात धोका नाही. जपायचे आहे ते औषधापासून, माणसापासून नव्हे.

केवळ चांगले हातमोजे घेतले की काम झाले?

हातमोजे ही संरक्षणाची शेवटची कडी आहे. त्याआधी औषध मिसळण्यासाठी हवेचा प्रवाह नियंत्रित करणारे सुरक्षा कपाट, गाऊन, डोळ्यांचे संरक्षण, औषध सांडल्यास वापरायचे साहित्य आणि प्रशिक्षण यांची साखळी असावी लागते. पण कपाट बसवायला निधी, जागा आणि वेळ लागतो. योग्य हातमोजे मात्र पुढच्या खरेदीपासूनच घेता येतात. त्यासाठी मागणीपत्रात ‘हातमोजे, मध्यम आकार, एक हजार’ एवढेच लिहून भागणार नाही.

‘एएसटीएम डी ६९७८’नुसार चाचणी झालेले, पावडरविरहित, प्रत्येक औषधासमोर मिनिटांचा आकडा देणारा तक्ता सोबत असलेले, अशी अट घालावी लागेल. ‘केमो ग्लोव्हज’ एवढ्या शब्दांवर समाधान मानू नये. युरोपातील ‘ईएन १६५२३-१’ ही रसायनांसाठीची सर्वसाधारण चाचणी आहे. तिच्यात ब्रेकथ्रूची मर्यादा एक मायक्रोग्रॅम, म्हणजे शंभरपट सैल आहे. त्यामुळे खोक्यावर २४० मिनिटे लिहिलेले दिसले, तर ती कोणत्या चाचणीतली आहेत, हे पाहणे आवश्यक आहे. आपल्या केंद्रात कोणती औषधे दिली जातात, त्यांची यादी करून ती तक्त्याशी ताडून पाहावी. कार्मुस्टिन किंवा थायोटेपा वापरात असेल, तर त्यांच्यासाठी वेगळे हातमोजे ठेवावेत. आणि दोन जोड्या, दर अर्ध्या तासाला बदल, असा हिशेब धरूनच संख्या मागवावी. साठा अपुरा असेल, तर नियम भिंतीवर लावलेला असूनही सिस्टर तीच जोडी दुपारपर्यंत वापरणार, हे उघड आहे.

जिल्हा रुग्णालयातील नव्या केंद्रात रुजू होणाऱ्या प्रत्येकीने पहिल्याच दिवशी हातमोज्यांचे खोके उलटून त्यावरचा तक्ता पाहावा. तक्ता असेल, तर त्यातील मिनिटे वाचावीत. तक्ताच नसेल, तर ते हातमोजे या कामासाठी नाहीत, असे समजून लेखी मागणी करावी.